हंगामी की बारमाही? पुण्याच्या सायकलींची गोष्ट

हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी आणि ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटणाऱ्यांसाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार. बोलताना झालेलं 'अं... म्हणजे...' तेवढं काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

पुण्यात डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी पहाटे खडकवासल्याच्या रस्त्याला जा. सायकलींची रांगच दिसेल. हेल्मेट, अंगाला चिकटलेले रंगीत टी-शर्ट, हँडलवर मोबाईल, मागे लुकलुकणारा लाल दिवा. सगळं कसं झकास. आता जुलैतल्या मंगळवारी रात्री साडेदहाला त्याच रस्त्यावर जाऊन बघा. सायकली आताही दिसतील, पण वेगळ्या. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, पायात रबरी चप्पल, कॅरिअरला डबा बांधलेला. एखादा सिक्युरिटी गार्ड रात्रपाळीला चाललेला असतो, एखादा हॉटेलातून सुटून खोलीवर निघालेला असतो.

शेतकरी जसं हंगामी पीक आणि बारमाही पाणी म्हणतो, तसे सायकलवालेही दोन प्रकारचे: हंगामी आणि बारमाही. हवा बघून सायकल काढणारे एक, आणि हवा कशीही असली तरी काढावीच लागते असे दुसरे. सायकलवर बोलायचं म्हटलं की आपण कॅमेरा पहिल्यांकडेच वळवतो. आज दुसऱ्यांचा इतिहास बघू. कारण एके काळी या शहरात जवळपास सगळेच बारमाही होते. मग नेमकं बिनसलं कुठे?

सुरुवात सायकलपासूनच करू. आज जी सायकल साधारण दिसते, म्हणजे सारख्या मापाची दोन चाकं आणि मागच्या चाकाला साखळी, ती इंग्लंडमध्ये १८८५ च्या सुमारास आली. जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर'. तीन वर्षांनी, १८८८ मध्ये, डनलॉप यांनी हवेचा टायर आणला आणि हाडं खिळखिळी होणं थांबलं. गंमत बघा, तेव्हा हा श्रीमंतांचा शौक होता. ऊन पडलं की बागेत मिरवायला काढायची वस्तू. म्हणजे सायकल जन्मली तीच हंगामी! किंमत उतरली, कामगाराच्या आवाक्यात आली, तेव्हा ती बारमाही झाली. आपल्याकडेही तसंच झालं. आधी साहेब, मग वकील-डॉक्टर, मग कारकून, शेवटी दूधवाला आणि पोस्टमन. स्वातंत्र्यापर्यंत बहुतेक सायकली विलायतेहून यायच्या. रॅले, हंबर, बीएसए ही नावं आजोबांना विचारा, डोळे चमकतील. मग कारखाने इथेच उभे राहिले. मद्रासला टीआय, आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला अ‍ॅटलस, आणि १९५६ मध्ये लुधियानात हीरो.

आता त्या जुन्या काळ्या सायकलीकडे जरा नीट बघा. आपण तिला 'जड' म्हणून हसतो, पण ती पावसाळ्यासाठी घडवलेली होती. दोन्ही चाकांवर लांबलचक मडगार्ड, म्हणजे चिखल पाठीवर उडत नाही. साखळीवर पूर्ण पत्र्याचं कव्हर, म्हणजे ग्रीस धुऊन जात नाही आणि धोतराचा सोगा किंवा पॅन्टची घडी अडकत नाही. लेडीज सायकलला मागच्या चाकावर जाळी, साडीचा पदर जाऊ नये म्हणून. उंच हँडल, ताठ बसायचं, समोरचा खड्डा लांबून दिसतो. कॅरिअर, स्टँड आणि दिव्याला डायनॅमो. बॅटरीची भानगड नाही.

दोष नव्हते असं नाही. चकचकीत लोखंडी रिम भिजली की दांड्याच्या ब्रेकचे रबर नुसते घसरायचे. त्यामुळे बारमाही सायकलवाला चौकाच्या बऱ्याच आधी पेडल मारणं थांबवायचा. त्याच्या पायांना ते पाठ असायचं. आणि डायनॅमोचा तर विनोदच. त्याची छोटी चकती टायरला घासून वीज करायची, पण टायर ओला झाला की ती घसरायची आणि दिवा मिणमिणायचा. म्हणजे उजेड जेव्हा सगळ्यात जास्त हवा तेव्हाच गायब! वर दिवा नाही म्हणून पोलिसाने चौकात धरलं, तर त्याला हे शास्त्र समजावणार कोण?

आज दुकानात मिळणारी बरीचशी हलकी, गिअरची सायकल बघा. मडगार्ड नाही. कॅरिअर नाही. साखळी उघडी. स्टँड वेगळा घ्यायचा. म्हणजे ही कोणासाठी आहे हे सायकलच सांगतेय: कोरड्या रस्त्यावर, रिकाम्या हातांनी, परत घरीच येणाऱ्यासाठी.

बरं, पुणंच का? मुंबईला लोकल होती, पुण्याला तसं काही नव्हतं. पण शहर आटोपशीर होतं आणि मधला भाग बऱ्यापैकी सपाट. हवेनेही साथ दिली. पुण्याचा पाऊस वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर, मुंबईच्या तिसऱ्या हिश्शाइतका. भिजवतो, पण बहुतेक दिवस अडवत नाही. कॉलेज, कचेरी, मंडई, नाटक, सगळं अर्ध्या तासाच्या आत. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. कॉलेजांना आणि थिएटरांना सायकल स्टँड असायचे, टोकन देणारे. ज्यांना सायकल परवडत नव्हती त्यांना ती तासाच्या भाड्याने मिळायची. दांड्याखालून पाय घालून अर्ध्या पेडलवर शिकलेल्या किती पिढ्या त्या दुकानांनी घडवल्या!

आणि महत्त्वाचं म्हणजे सायकलची सरकारदरबारी नोंद होती. नगरपालिका सायकलवर कर घ्यायची आणि भरल्याचा बिल्ला द्यायची, तो सायकलला अडकवायचा. बिल्ला नाही, दंड. डबलसीट, दंड. चौक आला की मागच्याने उडी मारायची, पोलीस ओलांडून परत बसायचं. लोक वैतागायचे, साहजिक आहे. पण मला त्या बिल्ल्याचं वेगळंच अप्रूप वाटतं. ज्याचा कर घेतो त्याला शहर मोजतं, ज्याला दंड करतो त्याला ते वाहन मानतं. पुढे सायकल हिशेबातून गळत गेली आणि मग रस्ता आखताना तिची आठवण कोणाला होणार?

आता कलाटणी. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठचं जुनं पुणं पाण्याखाली गेलं. हजारो कुटुंबं उघड्यावर आली. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या आणि शहर पेठांबाहेर पसरत गेलं. तिकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ पासून होतंच, मग एकामागून एक कारखाने आले. अंतरं वाढली. पुण्यातून पिंपरी-आकुर्डीपर्यंत पंधरा-सतरा किलोमीटर सायकल मारत जाणारे कामगार होते, पण दोन्ही वेळा, वर्षभर, उन्हाळ्यातही... पाय बोलायला लागतात हो.

आणि इथे नियतीचा विनोद बघा. सायकलींच्या या शहराच्या दाराशीच स्कूटर तयार व्हायला लागली. बजाज आकुर्डीला. १९७२ मध्ये 'चेतक' आली. त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिकची 'लूना' आली, जिला चक्क पेडल होते! सायकलवाल्याला सायकल सोडतोय असं वाटूच नये, अशी ती युक्ती होती. पुढच्याच वर्षी जगभर तेलाचे भाव भडकले आणि थेंबभर पेट्रोलवर पळणाऱ्या मोपेडचं फावलं. स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांशी करार झाले, शंभर सीसीच्या मोटरसायकली आल्या, बँकांची कर्जं आली आणि रांग संपली.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. 'लोक आळशी झाले' हे जे आपण ऐकतो ना, ते मला पटत नाही. वीस वर्षं पावसात भिजत कारखान्यात गेलेल्या माणसाने पहिली संधी मिळताच स्कूटर घेतली, बायको-मुलांना बसवून सासुरवाडीला नेलं. त्यात आळस कुठे आला? तो बारमाही होता कारण त्याला दुसरा पर्याय नव्हता. सायकलवर प्रेम होतं म्हणून तो पावसात निघत नव्हता. जुन्या पुण्याच्या सायकलींच्या आठवणी काढून गहिवरणाऱ्यांनी हे विसरू नये.

पण एकेक जण गेला तसा उरलेल्यांचा रस्ता आणखी वाईट होत गेला. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात, पाणी गटारात जावं म्हणून. म्हणजे डबकं साचतं ते डाव्या कडेला, नेमकं सायकलच्या वाटेवर. खड्डा पाण्याखाली, गटाराच्या जाळीची फट चाकाच्या दिशेला समांतर, आणि उजवीकडून बस. चुकवायला उजवीकडे जावं तर मागचा हॉर्न मारतो. शंभर सायकली असताना गाड्यांना त्यांच्यामागे थांबावं लागायचं. एकच सायकल असली की तिलाच बाजूला व्हावं लागतं.

मग सायकलींचं 'पुनरागमन' सुरू झालं. डिसेंबर २००६ मध्ये पुण्यात बीआरटी सुरू झाली, तिच्या आगेमागे सायकल ट्रॅक आले. त्यांवर आज काय काय उभं असतं ते तुम्ही रोज बघता: गाड्या, टपऱ्या, ट्रान्सफॉर्मर. २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला आणि त्याच सुमारास मोबाईलवरून उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या. आजोबांच्या भाड्याच्या सायकलीची नात म्हणा ना. विद्यापीठात, औंधला पोरंपोरी फिरली, सेल्फी काढले. पुढे त्या रस्त्यांवरून दिसेनाशा झाल्या. मला त्यात नवल वाटलं नाही. कुलूप उघडायला स्मार्टफोन, पैसे द्यायला ऑनलाइन खातं. रात्रपाळीचा गार्ड या हिशेबात होताच कुठे?

तो किती मोठा हिशेब आहे ते बघा. २०११ च्या जनगणनेत देशातल्या जवळपास ४५ टक्के घरांत सायकल होती. स्कूटर किंवा मोटरसायकल होती २१ टक्के घरांत. म्हणजे आपण जिला 'परत आणू या' म्हणतो ती कुठे गेलीच नव्हती. आपण तिच्याकडे बघणं सोडलं होतं, एवढंच.

आणि २०२० चा उन्हाळा आठवा. लॉकडाऊन. रेल्वे बंद, बस बंद. महाराष्ट्रातून उत्तर प्रदेश-बिहारकडे निघालेले मजूर रस्त्यावर, कोणी पायी, कोणी असेल-नसेल ते पैसे घालून सायकल घेऊन. मे महिन्याच्या उन्हात हजार-दीड हजार किलोमीटर. त्याच उन्हाळ्यात, जिम बंद म्हणून, शहरांत सायकलींचं वेड सुरू झालं. मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांत देशात ४१ लाखांहून जास्त सायकली विकल्या गेल्या, दुकानांत वेटिंग लागलं. एकाच वर्षी, एकाच वाहनावर दोन देश चालले होते. एकाला आपण 'फिटनेस ट्रेंड' म्हटलं, दुसऱ्याला 'संकट'. दोन्ही नावं बरोबर होती, पण आराखडे कोणासाठी आखले जातात ते तुम्हीच बघा.

आता 'म्हणजे आम्ही रविवारी सायकल काढतो ते ढोंग काय?' असं कोणी विचारेल. नाही हो. हंगामी असण्यात लाज कसली? कोपनहेगनचं उदाहरण घ्या. तिथेही साठच्या दशकात मोटारींनी सायकली हटवल्या होत्या. सत्तरच्या दशकात तेल महागलं, लोक रस्त्यावर उतरले, आणि पुढे वेगळे मार्ग बांधले गेले. आज तिथे हिवाळ्यात बर्फ पडला की महत्त्वाच्या सायकल-मार्गांवरचा बर्फ सकाळच्या गर्दीआधी हटवतात. म्हणून तिथले बहुसंख्य लोक थंडीतही सायकल सोडत नाहीत. डॅनिश माणसाच्या रक्तात काही वेगळं नाही, त्याच्या रस्त्यावर बर्फ नसतो, बस्स. आपल्याकडे बर्फाच्या जागी पाणी. जुलैत डावी कडा कोरडी ठेवणं, जाळ्या आडव्या बसवणं, रात्री साडेदहाला दिवे चालू असणं. यासाठी कोणालाही हिरो व्हावं लागत नाही, आणि हे झालं तर डिसेंबरवाल्यांपैकीही काही जण जुलैत बाहेर पडतील.

सायकल क्लबच्या मंडळींना एक विनंती. पुढच्या वेळी महापालिकेत निवेदन घेऊन जाल तेव्हा रविवारच्या राइडचे फोटो न्याच. पण सोबत जुलैतल्या एखाद्या रात्री, कुठल्याही एका चौकात तासभर उभं राहून मोजलेल्या सायकलींचा आकडाही न्या. छत्री मात्र बरोबर ठेवा.

आणि हो, घरात जुन्या सायकलचा बिल्ला सापडला तर आजी-आजोबांना विचारून फोटो पाठवा. त्यावरचं वर्ष दिसलं पाहिजे. पुढच्या भागात टांग्यांबद्दल बोलू.