‘चरनदास चोर’ : एक नाटक, अनेक प्रेक्षक

हबीब तन्वीर यांचा जन्म 1923 मध्ये रायपूरचा. विजयदान देथा यांच्या राजस्थानी लोककथेवरून त्यांनी छत्तीसगढी कलाकारांसोबत ‘चरनदास चोर’ हे नाटक उभे केले. 1975 मध्ये त्यावर श्याम बेनेगल यांचा चित्रपट आला, तर 1982 मध्ये नाटकाला एडिनबर्ग महोत्सवात पुरस्कार मिळाला.

चरनदास हा एकटाच भटकणारा चोर. सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही, असे चार पण तो गंमतीत करतो. गुरू पाचवा घालून देतात : खोटे बोलू नकोस. पुढे राणी लग्नाची मागणी घालते. तो नकार देतो आणि प्राणाला मुकतो.

नाटकात सतनामी समाजाचे पंथी नृत्य व गीते आहेत. गुरू घासीदासांच्या या पंथात सत्य हेच ईश्वर. चोरही सत्यासाठी मरतो, यात काही प्रेक्षकांना सत्याचा गौरव दिसला. पंथातील काहींना मात्र चोराशी नाव जोडले जाणे अपमानास्पद वाटले. त्यांच्या आक्षेपानंतर 2009 मध्ये, तन्वीर यांच्या निधनानंतर काही आठवड्यांतच, छत्तीसगड शासनाने बंदी घातली. लेखक उत्तर द्यायला नव्हते.

दीर्घकाळ अवहेलना सोसलेल्या समाजाची हळवी जागा समजून घ्यावीच लागते. परंतु समजून घेणे म्हणजे बंदीचे समर्थन नव्हे. इतिहासाच्या अभ्यासकाने या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

विचार करा : नाटकाचा अर्थ कोण ठरवतो?