मुळासकट

आत्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी शाळेत होते. साल १९७३. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले आणि आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काळजी करू नका, मुळासकट काढलंय." तो शब्द आमच्या घरात राहिला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आजी तेच सांगायची, मुळासकट काढलंय. आत्याचा उजवा हात पुढे कायमचा सुजला. बांगड्या चढेनात म्हणून त्या हातात तिने घालणंच सोडलं. हात डोक्यापर्यंत जाईना, तेव्हा तिचा अंबाडा मी घालून द्यायचे. डॉक्टर मनापासून काम करणारे होते. जे त्यांना शिकवलं गेलं होतं तेच त्यांनी केलं. पण ते जे शिकले त्याच्या मुळाशी एक शब्द होता, हे मला फार उशिरा कळलं.

त्या शस्त्रक्रियेचं पुस्तकातलं नाव 'रॅडिकल मॅस्टेक्टमी'. 'मॅस्टोस' म्हणजे ग्रीक भाषेत स्तन, 'एक्टोमी' म्हणजे कापून बाहेर काढणं. 'ॲटम' या शब्दात तोच कापण्याचा धातू आहे. जो कापता येत नाही तो ॲटम. 'रॅडिकल' मात्र लॅटिनमधून आला. 'रॅडिक्स' म्हणजे मूळ. इंग्रजांनी त्याच शब्दावरून भाजीतल्या मुळ्याला 'रॅडिश' म्हटलं, आणि आपला मुळाही 'मूल'वरूनच आला आहे: मूलक, मग मुळा. दोन भाषांनी एकाच भाजीला एकाच विचाराने नाव दिलं.

मराठीत 'रॅडिकल'चं भाषांतर दोन प्रकारे होतं. तत्त्वचर्चेत तो 'मूलगामी' होतो, राजकारणात 'जहाल'. शल्यचिकित्सेत त्याचा अर्थ पहिला होता, मुळाशी जाणारा. ऐकणाऱ्यांच्या, आणि पुढे करणाऱ्यांच्याही कानात तो दुसरा होऊन बसला. जितकं जास्त कापू तितके आपण धीट, तितका रोगी सुरक्षित, असं होत गेलं.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड यांनी १८९४ साली आपल्या ५० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी, सगळं एकसंध काढायचं, अशी ती शस्त्रक्रिया. ५० पैकी फक्त तिघींमध्ये रोग त्याच जागी उलटला होता. त्याआधीचे सर्जन याहून पुष्कळ जास्त रुग्णांमध्ये तो उलटताना बघत होते, तेव्हा हा आकडा केवढा मोठा वाटला असेल याची कल्पना करता येते. हॉलस्टेड यांच्या मनातलं चित्र झाडाचं होतं. रोग एका जागी रुजतो, तिथून मुळं पसरावीत तसा शेजारच्या मांसात, मग काखेत, मग पुढे जातो. म्हणजे मुळांच्या टोकापर्यंत खणलं की झाड गेलं.

हे चित्र पाश्चात्त्यांनीच काढलं असं नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अर्बुदाविषयी वैद्याला बजावलं आहे की थोडं शिल्लक ठेवून अर्बुद काढलं तर ते लवकर पुन्हा उठतं आणि न विझलेल्या आगीसारखं माणसाला मारतं, म्हणून ते निःशेष काढावं. ऋण, अग्नी आणि शत्रू यांचा शेष ठेवू नये, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो. शेष या शब्दाची भीती आपल्या हाडात आहे. (सुश्रुताचं अर्बुद म्हणजे नेमका आजचा कर्करोग असं मी म्हणणार नाही. 'कर्करोग' हा तर 'कॅन्सर'वरून बेतलेला अलीकडचा शब्द. ग्रीक 'कार्किनोस' म्हणजे खेकडा, संस्कृत 'कर्कट' त्याचा नातलग मानतात. आणि गेलेन या वैद्याला खेकड्याची आठवण झाली ती स्तनातल्या गाठीभोवती पाय पसरल्यासारख्या फुगलेल्या शिरा बघून. म्हणजे या रोगाच्या नावाची ओळखसुद्धा स्तनापाशीच पक्की झाली.)

पण झाडाच्या चित्राला उत्तर देणारं दुसरं चित्र हॉलस्टेडच्या अहवालाच्या पाच वर्षं आधीच छापून आलं होतं. लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रोग शरीरात दुसरीकडे उगवतो तो जवळच्या जागी उगवेल असं नसतं. काही अवयवांत तो पुन्हा पुन्हा उगवतो, काहींत जवळजवळ नाहीच. त्यांनी उपमा दिली बी आणि जमिनीची. बी सगळीकडे पडतं, रुजतं ते मानवणाऱ्या जमिनीत.

शेतीशी संबंध असलेल्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. हरळी काढायची तर कुदळीने खणून कांडी न् कांडी वेचायची, बोटभर राहिली तरी ती फुटते. गाजरगवताचं तसं नाही. फुलावर आलेलं रोप मुळासकट उपटलं तरी बी आधीच वाऱ्यावर गेलेलं असतं, आणि मग बांध कितीही खोल खणला तरी उपयोग नसतो. हॉलस्टेड हरळी काढत होते. १९०७ साली त्यांनी स्वतःच मांडलेल्या आकड्यांतून दिसत होतं की बाई जगणार की नाही हे, शस्त्रक्रियेपूर्वी रोग किती दूर गेला आहे यावर ठरतं. तरीही पुढची साठ-सत्तर वर्षं बहुतेक सर्जन बांध आणखी खोल खणत राहिले. काही तर छातीच्या हाडामागच्या ग्रंथींपर्यंत गेले. 'रॅडिकल' कमी पडू लागला तेव्हा 'सुपर-रॅडिकल' आला. शब्द एकदा चढणीला लागला की त्याला उतरवणं कठीण जातं. लंडनच्या डेव्हिड पेटी यांनी १९४८ साली मोठा स्नायू जागेवर ठेवणारी पद्धत मांडली. तिला नाव पडलं 'मॉडिफाइड रॅडिकल'. सौम्य केलेलं समूळ! कापणं कमी झालं तरी मूळ हा शब्द सोडवला नाही. आजही आपल्याकडच्या केसपेपरवर 'एमआरएम' ही तीन अक्षरं रोज लिहिली जातात, त्यातला मधला 'आर' तो हाच.

मुळाचा प्रश्न वादाने सुटला नाही, मोजून सुटला. पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांनी १९७१ साली १६६५ स्त्रियांवर अभ्यास सुरू केला. कुणाला हॉलस्टेडची शस्त्रक्रिया, कुणाला फक्त स्तन काढण्याची, हे सर्जनने ठरवायचं नाही, चिठ्ठी टाकावी तसं ठरायचं. सर्जन मंडळींनी त्यांना खूप विरोध केला. पंचवीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली आले: जगण्यात फरक नाही. त्याच साली मिलानच्या उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी ७०१ स्त्रियांच्या अभ्यासाची वीस वर्षं पुरी केली. तिथे एका गटावर हॉलस्टेडची शस्त्रक्रिया केली होती, दुसऱ्या गटात स्तनाचा रोगट चतुर्थांश काढून बाकीच्यावर किरणोपचार दिले होते. इथेही जगण्यात फरक नाही. फिशर यांचा दुसरा अभ्यास आणखी बारीक बोलतो. नुसती गाठ काढली तर वीस वर्षांत ३९.२ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात रोग उलटला, किरणोपचार जोडले तर १४.३ टक्के. म्हणजे शेष राहत होता, आणि त्याची काळजी घ्यावी लागत होती. पण पूर्ण स्तन काढलेल्यांपेक्षा त्या कमी जगल्या नाहीत. मला हा निष्कर्ष फार धीराचा वाटतो. शेष राहिला तरी माणूस वाचतो, हे आपल्या सगळ्या जुन्या शिकवणीच्या विरुद्ध आहे.

वाचतो हा शब्द मी विचार करून लिहिला. मराठीत वाचणं दोन आहेत. पुस्तक वाचणं आलं 'वाच्'वरून. जीव वाचणं आलं 'वञ्च्'वरून, निसटून जाणं या अर्थाने. हिंदीतलं 'बचना' त्याचंच भावंड. जुन्या मराठी लेखनात जिवाच्या 'वांचणे'वर अनुस्वार असायचा, म्हणून दोन्ही वेगळे कळत. टिंब गेलं आणि ते एक झाले. फक्त गाठ किंवा तिच्याभोवतीचा भाग काढणाऱ्या नव्या शस्त्रक्रियेला मराठीत 'स्तन वाचवणारी' म्हणतात. १९७३ साली बाई वाचवायची तर स्तन वाचवता येत नाही, असं बहुतेक सगळे मानत होते. आत्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षीच मिलानमध्ये व्हेरोनेसींच्या अभ्यासात पहिल्या स्त्रिया दाखल होत होत्या.

शल्य या शब्दाचंही सांगायला हवं. शल्य म्हणजे मुळात शरीरात रुतलेलं बाणाचं टोक, काटा. ते काढणारं शास्त्र ते शल्यतंत्र. प्राकृतातून मराठीत येता येता त्याचा 'सल' झाला, आणि सल मनात राहतो. आत्या पुढे सत्तावीस वर्षं जगली. लग्नकार्यात तिने फोटोला उभं राहणं टाळलं.

आता मुंबईकडे. परळच्या टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि देशभरातल्या अकरा केंद्रांतले त्यांचे सहकारी यांनी दीड हजाराहून जास्त स्त्रियांवर एक अभ्यास केला, तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. कापण्याआधी सात ते दहा मिनिटं गाठीच्या भोवती लिडोकेन हे बधिर करणारं औषध टोचायचं, एवढाच बदल. रुग्णाला पूर्ण भूल दिलेलीच असते, तेव्हा हे दुखू नये म्हणून नाही. पाच वर्षांनी इंजेक्शन दिलेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात होत्या, न दिलेल्यांपैकी ८६.४. शस्त्रक्रियेच्या धक्क्याने गाठीतल्या पेशींना हलण्याचे इशारे मिळत असावेत आणि औषध ते इशारे अडवत असावं, असा त्यामागचा विचार आहे. आपल्याकडे याला 'जागा बधिर करणं' म्हणतात. बधिर म्हणजे मुळात बहिरा. इतकी वर्षं तो शब्द नुसता रूपकाने वापरला. इथे पेशींना हाक ऐकू येऊ नये म्हणून जागा खरोखर बहिरी केली. उपटण्याआधी बी सांडू नये, ही ती शेतकऱ्याची काळजी. लिडोकेन तालुक्याच्या दवाखान्यातही मिळतं, आणि स्वस्त मिळतं.

शेवटी गाठ. ग्रंथी, प्राकृतात गंठी, मराठीत गाठ. दोरीची, लग्नाची, भेटीची आणि रोगाची. बायका 'स्तन' म्हणत नाहीत, 'छातीत गाठ आलीय' म्हणतात, तेही उशिरा. त्यात आणखी एक गोंधळ आहे. काखेतल्या लसिकाग्रंथी प्रत्येकाला जन्मापासून असतात, त्यांनाही दवाखान्यात 'गाठी'च म्हणतात. 'काखेतल्या वीस गाठी काढल्या' असं ऐकलं की घरच्यांना वाटतं वीस ठिकाणी कॅन्सर होता. आमच्याही घरात सगळे तसंच समजले होते. आत्याच्या हाताची सूज त्या ग्रंथी गेल्याने आली, रोगाने नाही, हे तिला कुणी सांगितलं नाही. आज पुष्कळदा आधी मोजक्याच ग्रंथी तपासतात, ज्यांच्याकडे रोग सर्वांत आधी पोचेल अशा; इंग्रजीत त्यांना 'सेंटिनल' म्हणजे पहारेकरी म्हणतात. पहारेकरी स्वच्छ निघाले तर बाकीच्यांना हात लावत नाहीत, आणि ५६११ स्त्रियांच्या अमेरिकी अभ्यासात तसं केल्याने जगणं कमी झालं नाही.

मराठी बोलणाऱ्या डॉक्टरांना माझी विनंती आहे: रोगाची ती गाठ म्हणा, काखेतल्या त्या ग्रंथी म्हणा. आणि ज्यांच्या घरी ही वेळ आली आहे त्यांनी ऑपरेशनच्या आधी तीन गोष्टी विचारा. गाठ कुठली, ग्रंथी किती काढणार, आणि स्तन वाचवता येईल का.