कोनाड्यापासून कपाटापर्यंत



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नकोच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि लिहिण्याची सवय वाण्याच्या यादीपुरती. पण गेल्या वर्षी सासूबाई गेल्या आणि दिवसकार्य आटोपल्यावर त्यांचे कपाट आवरण्याचे काम माझ्याकडे आले. ते आवरताना जे मनात आले, वडीलधाऱ्या शेजारणींना जे विचारले आणि मुलाने वाचनालयातून आणून दिलेल्या पुस्तकांत जे सापडले, ते येथे देत आहे.

कपाट उघडून मी तासभर नुसती उभी राहिले. कोठून सुरुवात करावी हेच कळेना. सगळे एकदम बाहेर काढले तर रात्री झोपायला जागा उरायची नाही, हे मात्र कळत होते. म्हणून एकच कप्पा काढला, खाली जुने धोतर अंथरले आणि प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच प्रश्न विचारला, ही कोणाची? वापरात आहे की नाही, हा प्रश्न पुढचा. पहिल्या कप्प्यात मामंजींचा लोकरी कोट, घरपट्टीच्या पावत्या आणि मुलांच्या गुणपत्रिका निघाल्या. दुसऱ्यात पाहुण्यांसाठी राखलेल्या चादरी आणि लग्नाकार्यात आलेली, कागदही न सोडलेली भांडी. तिसरा कप्पा नातवंडांचा. आतल्या लहान तिजोरीत आम्हा सुनांचे डाग वेगवेगळ्या पाकिटांत, वर नावे घालून. 'आईंचे कपाट' असे आम्ही वीस वर्षे म्हणत होतो. पण आईंची नेसती पाच लुगडी दाराआड दोरीवर असत आणि बाकीचे जे काही त्यांचे होते ते माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत.

हे असे का झाले, म्हणून मी मागे मागे विचारीत गेले.

आपल्या पुण्यातल्या जुन्या वाड्यांत आजच्यासारखे कपाट नव्हते. भिंतीच जाडजूड, त्यामुळे वस्तू ठेवण्याच्या जागा भिंतीतच काढलेल्या असत. दिव्यासाठी देवळी, हाताशी लागणाऱ्या वस्तूंसाठी कोनाडा, आणि माजघरात किंवा स्वयंपाकघरात लाकडी दारांचे फडताळ. कपड्यांना खुंटी आणि दांडी, सोवळ्याला उंच वलणी, दह्यादुधाला शिंके, बाकीच्याला उतरंड. ठेवणीचे लुगडे बासनात बांधून पेटाऱ्यात जाई. बांधून ठेवण्याची ही रीत नुसती घरचीच नव्हे. पेशवे दफ्तरातले कागदसुद्धा रुमालांत बांधलेले आहेत, आणि त्या गठ्ठ्यांना रुमाल असेच म्हणतात. कपाट हा शब्द संस्कृतातला, पण तेथे त्याचा अर्थ दाराची फळी. ज्याला दारे आहेत ते कपाट, असे आपण पुढे म्हणू लागलो असणार, असा माझा आपला तर्क. चावी हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. किल्ली आपल्याकडे होतीच, ती घरातल्या मोठ्या बाईच्या कमरेला जुडग्यात असे. धाकट्या सुनांच्या वाट्याला एक खुंटी आणि माहेराहून आलेली पेटी एवढेच.

त्या काळी कपडे साठत का नसत, ह्याचे उत्तर एका शेजारच्या आजींनी दिले. त्या म्हणाल्या, "अग, साठायला उरायचं काय?" नेसते लुगडे विरले की त्याची गोधडी होई, मऊ भाग बाळाच्या दुपट्याला जाई, शेवटी पोतेरे. त्यातून काही राहिले तर बोहारीण दारात उभी. जुन्यावर भांडे देणाऱ्या ह्या बाईशी घासाघीस करण्यात आपल्या आयाआज्यांची दुपार जात असे. म्हणजे कपडा घरात येई आणि ठरल्या वाटेने बाहेरही पडे. आज येण्याची वाट रुंद झाली आणि जाण्याच्या वाटा बुजल्या. मला तर वाटते, कपाट लहान पडते ते ह्यामुळेच.

येण्याची वाट रुंद व्हायला सुरुवात झाली ती गेल्याच्या मागल्या शतकात. मुंबईत पहिली कापडगिरणी 1856 साली चालू झाली. 1858 मध्ये पुण्यापर्यंत आगगाडी आली आणि प्रवासाबरोबर पत्र्याची ट्रंकही घरोघर शिरली. गिरणगावच्या चाळींत एका खोलीत सारा संसार, तेथे तर खाटेखालची ट्रंक हेच कपाट. लोखंडी कपाट त्यामानाने अलीकडचे. आर्देशिर गोदरेज ह्यांनी 1897 मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना काढला आणि 1923 पासून पोलादी कपाटे होऊ लागली. पुढे कोणत्याही कारखान्याचे असो, लोखंडी कपाटाला 'गोदरेज'च म्हणायचे असा परिपाठ पडला. लग्नाच्या रुखवतातही ते मांडलेले मी लहानपणी पाहिले आहे.

आपल्या पुण्यात ह्या बदलाला आणखी एक कारण घडले. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. मातीच्या भिंती भिजून कितीतरी वाडे बसले, आणि भिंतींबरोबर त्यांतली फडताळेही गेली. पुढे पूरग्रस्तांना जी घरे मिळाली त्यांच्या भिंती पातळ, कोनाडा काढायला जागाच नाही. सासूबाई त्या वेळी तेरा वर्षांच्या होत्या. त्यांचे माहेर शनिवार पेठेत. घरातून त्यांच्या आईची ट्रंक तेवढी गाळातून मिळाली. माळ्यावरची ती हीच. तिच्या आतल्या पत्र्यावर गाळाची तपकिरी रेघ अजून आहे, घासूनही जात नाही.

आता किल्लीबद्दल. घरातल्या वस्तूंवर बाईचा हक्क किती, हे कायद्यानेही फार उशिरा सांगितले. स्त्रीधन पूर्वीपासून होते, पण हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा मिळाला तो 1937 च्या कायद्याने. तो डॉ. गोपाळराव देशमुखांनी मांडला होता. वाटा मिळाला, पण हयातीपुरता. बाईच्या मिळकतीवर तिची पुरी मालकी 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने आली. कायदा झाला तेव्हा आमच्या सासूबाई आठ वर्षांच्या होत्या. किल्ली पुढे त्यांच्या कमरेला आली, पण कपाटातला एक कप्पाही त्यांनी स्वतःसाठी ठेवला नाही. हे त्यांच्या स्वभावाने झाले की आम्ही होऊ दिले, हे माझे मला ठरवता येत नाही. माझी वस्तू ठेवायला जागा नसली की मीच त्यांच्या कपाटात सरकवीत असे, हे मात्र खरे.

आवरताना आलेला अनुभवही सांगते. दिवसाला एक कप्पा, जास्त नाही. जरीची साडी वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिली तर घडीवर चिरते, म्हणून पावसाळा संपल्यावर सावलीत वारा देऊन घडी बदलावी आणि जुन्या सुती कापडात गुंडाळावी. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. घरात रांगते मूल असेल तर त्या ठेवूच नयेत. वेखंडाची पुरचुंडी किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला घातला तर कसर लागत नाही, असे जुन्या बायका सांगतात. मी तसेच केले आहे. मामंजींचा कोट कोणाला द्यावा ह्यावर घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी तो दिराने नेला, आणि आता त्याच्या कपाटात पडून आहे.

ट्रंक मी सगळ्यात शेवटी उघडली. आत लग्नातला शालू, आईची काही पत्रे, आणि अगदी तळाशी मेणकापडात गुंडाळलेले शिवणाच्या परीक्षेचे प्रमाणपत्र. पहिल्या वर्गात उत्तीर्ण, खाली सासूबाईंचे माहेरचे नाव. घरात कोणालाच हे ठाऊक नव्हते, मुलांनासुद्धा. आपल्या मंडळाला शिवणवर्गासाठी बाई मिळेना, त्या वर्षी सभेत त्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या. तेव्हाही काही बोलल्या नाहीत.

तो कागद मी कपाटाच्या मधल्या कप्प्यात, घरपट्टीच्या पावत्यांच्या वर ठेवला आहे. कोणाला पाहायचा असेल तर घरी यावे. दुपारी तीननंतर मी असते.