तीनशेच्या आकड्यामागची काच

छपाईला चित्र द्यायचं तर ते तीनशे डीपीआयचं हवं आणि सीएमवायकेमध्ये हवं, एवढं आज दिवाळी अंकाची मांडणी करणाऱ्या कोणत्याही मुलामुलीला पाठ असतं. तीनशेच का, आणि हेच चार रंग का, असं विचारलं की उत्तर येतं, ‘प्रेसवाल्यांनी सांगितलंय.’ प्रेसवाले चुकीचं सांगत नाहीत. पण हे दोन्ही नियम संगणकाने आणले असं जे सगळे धरून चालतात, ते मला मनापासून खटकतं. हे नियम आपल्या धंद्यात शंभर वर्षांहून जुने आहेत. माझी उमेदीची सारी वर्षं पुण्यातल्या प्रोसेस हाऊसमध्ये गेली. आधी कॅमेऱ्याची अंधारी खोली, मग लाइट टेबल, शेवटी संगणक. या तिन्ही ठिकाणी मी एकाच गोष्टीची राखण करत होते, ती म्हणजे ठिपका.

ठिपक्याच्या आधी दगड होता. बव्हेरियातल्या आलोइस झेनेफेल्डरने १७९६ मध्ये शिळाछापाची युक्ती शोधली, आणि मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावरच मराठी पंचांग छापलं. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि मंडळींनी चित्रशाळा काढली, तिथली रामपंचायतनाची चित्रं घरोघरच्या भिंतींवर गेली. १८९४ मध्ये मुंबईत राजा रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला आणि पुढे प्लेगच्या काळात तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. या सगळ्या रंगीत चित्रांमागे एक कारागीर असे, त्याचं नाव चित्रावर कधी आलं नाही. मूळ तैलचित्र समोर ठेवून तो मनात रंग सोडवत असे. या साडीत पिवळा किती, त्यावर गुलाबी किती, सावलीत निळा कुठवर. मग प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड घेऊन त्यावर तो हाताने बारीक ठिपके भरत बसे. एका चित्राला दहा-बारा दगडही लागत. ठरलेल्या चार शाया तेव्हा नव्हत्याच. अंगाच्या रंगाला एक शाई, ओठांना दुसरी, आकाशाला तिसरी. रंगांचं विभाजन हे तेव्हा यंत्राचं काम नव्हतं, ते माणसाच्या नजरेचं होतं. रविवर्मा छापखान्याचे ओलिओग्राफ मी जेव्हा जेव्हा भिंगाखाली पाहते, तेव्हा त्या ठिपक्यांची वाकडीतिकडी गर्दी मला थक्क करते. एकही ठिपका दुसऱ्यासारखा नाही, आणि लांबून पाहिलं तर लक्ष्मीचा गाल कुठेही तुटत नाही.

ठिपक्याला शिस्त लावली ती काचेने. छपाईच्या यंत्राला एकच गोष्ट कळते, शाई लागली किंवा नाही लागली. करडा रंग ते छापूच शकत नाही. मग फोटोतल्या काळ्या-पांढऱ्यामधल्या छटा आणायच्या कशा? म्युनिकच्या गेओर्ग माइझेनबाखने १८८२ मध्ये हाफटोनचं पेटंट घेतलं. पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या लेव्ही बंधूंनी अचूक रेघांच्या काचा बनवल्या. दोन काचांवर बारीक समांतर रेघा कोरायच्या, त्यात काळा रंग भरायचा आणि काचा एकमेकींवर आडव्या-उभ्या चिकटवायच्या. ही जाळी कॅमेऱ्यात निगेटिव्हच्या किंचित पुढे बसवली की प्रत्येक चौकोनी भोकातून आलेला प्रकाश एक ठिपका उमटवतो. उजेड जास्त तर निगेटिव्हवर ठिपका मोठा, उजेड कमी तर लहान. ठिपक्यांची संख्या तीच राहते, बदलतो तो त्यांचा आकार, आणि डोळा त्या आकाराची छटा करून घेतो.

ही काच निगेटिव्हपासून नेमकी किती अंतरावर ठेवायची, भिंगाचं छिद्र किती उघडायचं, याचा पक्का हिशेब युरोपातही फारसा कोणाकडे नव्हता. तो ज्यांनी मांडला त्यांत कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी पहिल्या रांगेत होते. १८९५ मध्ये त्यांनी इंग्लंडहून सामान मागवून छपाईचे धातूचे ठसे, म्हणजे ब्लॉक, बनवण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८९७ पासून ते लंडनच्या पेनरोज वार्षिकात हाफटोनच्या सिद्धांतावर लेख लिहू लागले. विलायतेतल्या एकाही कार्यशाळेत न शिकता त्यांनी हे केलं होतं. त्यांचे चिरंजीव सुकुमार १९११ मध्ये लंडनला आणि नंतर मँचेस्टरला हीच विद्या शिकायला गेले. आपण या दोघांना बालसाहित्यिक म्हणून ओळखतो, सत्यजित राय यांचे आजोबा आणि वडील म्हणून ओळखतो. ब्लॉकमेकर म्हणून त्यांची आठवण आमच्या धंद्याने तरी ठेवायला हवी.

आपल्याकडे हीच वाट दादासाहेब फाळके चालले. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचं कलाभवन करून आलेला हा माणूस सिनेमाच्या आधी छपाईतच होता. रविवर्मा छापखान्यासाठी त्यांनी काम केलं, स्वतःचा छापखाना काढला, आणि रंगीत छपाई समजून घ्यायला १९०९ मध्ये जर्मनीला गेले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. प्रकाश, काच, रसायन यांच्याशी फाळक्यांची झटापट त्याच्या कितीतरी आधीपासून चालली होती, हे विसरलं की तो चित्रपट आभाळातून पडल्यासारखा वाटतो.

आता रंगाकडे येते. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये दाखवून दिलं होतं की लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून घेतलेल्या तीन छायाचित्रांतून सगळा रंग परत उभा करता येतो. ब्लॉकमेकरांनी हे उलट बाजूने वापरलं. चित्रासमोर लाल गाळणी धरून निगेटिव्ह घेतली की सायनचा ब्लॉक मिळतो, हिरवीतून मॅजेंटाचा, निळीतून पिवळ्याचा. मुलांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते. आरजीबी आणि सीएमवायके ही संगणकाच्या मेनूतली दोन नावं वाटतात, पण आमच्या कामाच्या जागेत त्या दोन खोल्या होत्या. कॅमेऱ्याची खोली आरजीबीची, कारण तिथे प्रकाश गाळला जाई. मशीनची खोली सीएमवायकेची, कारण तिथे शाई कागदावर बसे. प्रकाशात प्रकाश मिळवला तर उजेड वाढतो, शाईवर शाई चढवली तर अंधार वाढतो. एका खोलीतलं चित्र दुसऱ्या खोलीत नेताना काहीतरी गळणारच. आमचं सगळं कसब काय गळू द्यायचं हे ठरवण्यात होतं.

चौथी शाई काळी. तीन शाया कागदावर पूर्ण चढवल्या तर हिशेबाने काळा यायला हवा, पण शाया तितक्या शुद्ध नसतात आणि येतो तो मातकट तपकिरी. शिवाय मजकूर तीन शायांत छापणं म्हणजे आत्महत्याच. देवनागरीत तर फारच. प्लेट केसभर हलली की शिरोरेषेला एका बाजूने गुलाबी आणि दुसऱ्या बाजूने निळी कड दिसते, अनुस्वार तर तीन होतात. म्हणून मजकूर नेहमी निव्वळ काळ्यात. आजही पीडीएफ हाती आली की मी सगळ्यात आधी हेच तपासते.

जाळ्या चारही रंगांना एकाच दिशेने लावता येत नाहीत, ठिपके एकमेकांशी भांडतात आणि चित्रावर लाटांसारखी नक्षी उठते. धंद्यात आम्ही म्हणतो, ‘जाळी आली.’ म्हणून काळा पंचेचाळीस अंशांवर, कारण तिरप्या रेघा डोळ्याला सगळ्यात कमी टोचतात आणि काळा सगळ्यात जास्त दिसतो. सायन पंधरावर, मॅजेंटा पंच्याहत्तरवर, आणि पिवळा शून्यावर, कारण तो इतका फिका की त्याचा आगाऊपणा कोणाच्या लक्षात येत नाही. पैठणीचा किंवा चौकटीच्या शर्टाचा फोटो असेल तर कापडाचं विणकामच जाळीशी भिडतं, तिथे एवढी काळजीही पुरत नाही.

चित्रकार दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं याच तिरंगी ब्लॉकांतून लोकांपर्यंत पोचली. दोघेही मूळचे गोव्याचे. दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा दिवाळी अंक सुरू केला. मुळगावकरांचा स्प्रेने उतरत जाणारा रंग ही ब्लॉकमेकरची परीक्षा असे. उजळ भागात ठिपका इतका लहान होत जातो की एका जागी तो धरतच नाही, आणि गालावरून कपाळाकडे जाणारी सुरेख उतरण मधेच पायरी होऊन तुटते. ती तुटू नये म्हणून तांब्यावर बारीक जाळीचा ब्लॉक करायचा आणि आर्ट पेपरवर छापायचा. वर्तमानपत्राचं काम मात्र जस्तावर, जाड जाळीत, कारण न्यूजप्रिंट शाई पिऊन घेतो आणि बारीक ठिपके एकमेकांत मिसळतात.

आणि इथेच तीनशेचं मूळ आहे. जाळी मोजतात ती इंचाला किती रेघा यावर. वर्तमानपत्राला पासष्ट ते पंच्याऐंशी, चांगल्या अंकाला एकशे तेहेतीस किंवा दीडशे. पुढे काच जाऊन फिल्मची कॉन्टॅक्ट स्क्रीन आली, मग लेझरने फिल्म आणि प्लेट उमटवणारे इमेजसेटर आणि प्लेटसेटर आले, तरी मोजमाप तेच राहिलं. संगणकातल्या चित्रातून एक ठिपका नीट बनवायचा तर त्याला उभे-आडवे दोन-दोन पिक्सेल हाताशी हवेत. दीडशेची दुप्पट तीनशे. एवढंच. म्हणजे वर्तमानपत्रात पंच्याऐंशीच्या जाळीवर जाणाऱ्या फोटोला एकशे सत्तर पुरतात, तिथे तीनशेचा हट्ट धरला तर फाईल जड होते आणि छपाई तशीच राहते. रस्त्यावरचा फ्लेक्स तर लांबून पाहायचा, त्याला याहून कितीतरी कमी चालतं. उलट आठ इंच रुंद मुखपृष्ठाला दोन हजार चारशे पिक्सेल लागतातच. व्हॉट्सॲपवरून आकसून आलेल्या फोटोच्या चौकटीत तीनशे हा आकडा टाइप केल्याने त्यात एकही नवी पापणी उगवत नाही.

प्लेटसेटरचे दोन हजार चारशे हा आणखी वेगळा आकडा, आणि लोक तो चित्राच्या आकड्याशी गल्लत करतात. ते यंत्राच्या लेझरचे टिपके. दोन हजार चारशेला दीडशेने भागलं की सोळा येतात. म्हणजे प्रत्येक ठिपक्याच्या घरात सोळा गुणिले सोळा, दोनशे छप्पन्न टिपके, आणि त्यातले किती भरायचे यावर छटा ठरते. काचेतून येणाऱ्या उजेडाने जे काम आपोआप होई, तेच लेझर मोजून करतं.

मी कामाला लागले तेव्हा रिटचिंग म्हणजे डॉट एचिंग होतं. फिल्म लाइट टेबलावर पसरायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि फेरीसायनाइडच्या पातळ द्रावणात ब्रश बुडवून ठिपके कडेने खायला लावायचे. वरिष्ठ काका प्रूफ बघून म्हणत, ‘चेहऱ्यात मॅजेंटा पाच टक्के खाली घे, पोरी.’ पाच टक्के म्हणजे किती, हे बोटांना कळावं लागे, कारण रसायन क्षणभर जास्त राहिलं तर ठिपका परत येत नाही. आपल्याकडच्या चेहऱ्यांचं गणित तेव्हाच पक्कं झालं. पिवळा मॅजेंटाहून थोडा जास्त, सायन त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, सावळ्या रंगाला त्याहून वर. मॅजेंटा पुढे गेला की माणूस ताप आल्यासारखा दिसतो.

मग ड्रम स्कॅनर आले. जर्मनीतल्या कील शहरातल्या रुडोल्फ हेल यांच्या कंपनीचे, इंग्लंडच्या क्रॉसफिल्डचे. पारदर्शक नळकांड्यावर ट्रान्स्परन्सी चिकटवली की ते गरगर फिरे आणि स्कॅनरमधून थेट चार रंगांच्या फिल्म बाहेर पडत. आतमध्ये लाल, हिरव्या, निळ्या गाळण्या होत्याच, पण गिऱ्हाईकाला त्या कधी दिसल्या नाहीत. १९८५ मध्ये पेजमेकर आलं, १९९० मध्ये फोटोशॉप, आणि काही वर्षांत आमच्याकडचे कॅमेरे भंगारात गेले. पहिल्यांदाच चित्रकाराला आपलं चित्र पडद्यावर, प्रकाशात, दिसू लागलं. तिथला झगझगीत केशरी, मोरपंखी, गडद निळा शाईत मावत नाही. सीएमवायकेत नेलं की निळा जांभळट होतो आणि भगवा विझतो. पूर्वी ही तडजोड प्रोसेस हाऊसमधलं कोणीतरी अनुभवाने करत असे. आता ती एका क्लिकवर होते, आणि क्लिक करणाऱ्याला कागद कोणता, हेही पुष्कळदा माहीत नसतं. चारही शायांची बेरीज चारशे टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, पण आर्ट पेपर तीनशेच्या थोडं पुढे आणि न्यूजप्रिंट दोनशे चाळीसच्या आसपास दमतो. त्याच्या वर शाई वाळत नाही आणि पानाचा डाग मागच्या पानावर उठतो. म्हणून रूपांतराच्या आधी प्रेसला कागद आणि जाळी विचारा, असं मी प्रत्येकाला बजावते.

लग्नपत्रिकेचं कुंकवाचं लाल अजूनही बरेच छापखाने चार रंगांत न अडकवता वेगळी शाई मिसळून छापतात. दगडावरचा तो बेनाव कारागीर हेच करत होता, आणि मला हे फार योग्य वाटतं.

सध्या माझ्याकडे जुन्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांच्या पुनर्मुद्रणाचं काम आहे. मूळ चित्रं हाती नाहीत, छापलेल्या प्रतीच आहेत. छापील ठिपक्यांवर नवे ठिपके टाकले की जाळी येणारच, म्हणून मी बाराशेवर स्कॅन करते, जुना ठिपका न् ठिपका पकडते, मग हळूच विरघळवून तीनशेवर आणते. त्यानंतर खरी अडचण सुरू होते. अनेक जुन्या तिरंगी चित्रांत काळी शाई नाहीच, तिथला अंधार तीन शायांचा मिळून झालेला आहे. फोटोशॉपच्या हाती रूपांतर सोपवलं तर ते सावलीत काळा भरून टाकतं आणि देवीच्या केसांतला तपकिरीपणा मरतो. म्हणून अशा मुखपृष्ठांना मी काळ्याची प्लेट जवळजवळ रिकामी ठेवते. नवा ऑपरेटर फोन करून विचारतो, ‘मॅडम, काळ्याची प्लेट कोरी आलीय, चुकून गेलीय का?’ मी सांगते, तशीच लाव, आणि सावलीत सायन वाढू देऊ नकोस.