धातूच्या पोटातला प्रत्यय

मराठीत प्रत्यय बहुधा शब्दाच्या शेवटी लागतात. शब्दाच्या मध्येच शिरणारा मध्यप्रत्यय आपल्याला परका वाटतो. पण संस्कृत शिकलेल्यांना तो भेटलेला असतो. रुधादि गणातील 'युज्' धातूत 'न' शिरतो आणि 'युनक्ति' हे रूप होते. पाणिनीने या प्रत्ययाला 'श्नम्' म्हटले. त्यातला 'म्' ही केवळ खूण आहे: प्रत्यय धातूतील शेवटच्या स्वरानंतर बसवावा.

याच जातीची युक्ती अमेरिकी भाषावैज्ञानिक पॉल फ्रॉमर यांनी वापरली. जेम्स कॅमेरॉन यांच्या 'अवतार' (२००९) या चित्रपटासाठी २००५ पासून त्यांनी 'नावी' ही भाषा रचली. तिच्यात 'तारोन' म्हणजे शिकार करणे. 'त'नंतर 'आम' घातला की 'तामारोन' होते, हा भूतकाळ. 'एर' घातला की 'तेरारोन', म्हणजे शिकार चालू आहे. 'ओल' घातला की 'तोलारोन', म्हणजे ती पुरी झाली. या शेवटच्या दोन रूपांत काळ सांगितलेलाच नाही. तो संदर्भावरून कळतो. ती सांगतात फक्त क्रियाव्याप्ती.

आपण शाळेत 'अपूर्ण भूतकाळ' असे एकच नाव शिकवतो. त्यात दोन प्रश्नांची उत्तरे मिसळलेली आहेत: क्रिया केव्हाची, आणि ती कुठवर आली? 'करत आहे', 'करत होता', 'करत असेल' ही रूपे फळ्यावर लिहून पाहा. काळ बदलतो, 'करत' तसेच राहते. हे दोन प्रश्न वेगळे विचारले, तर काळांची नावे निव्वळ पाठ करावी लागणार नाहीत, असे आम्हाला वाटते.