गोविंदप्रभू (गुंडम राऊळ)

तेरावे शतक. महानुभाव पंथ ज्या पाच अवतारांना ‘पंचकृष्ण’ म्हणतो, त्यांपैकी एक. कर्मभूमी ऋद्धिपूर, आजचे रिद्धपूर (ता. मोर्शी, जि. अमरावती). आईबाप लहानपणीच वारल्याने नातलगांनी वाढवले. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांना ज्ञानशक्ती गोविंदप्रभूंकडूनच मिळाली, ही पंथाची श्रद्धा.

पंथातील ग्रंथकार म्हाइंभटांनी संकलित केलेल्या ‘ऋद्धिपुरचरित्रा’त त्यांच्या लीळा (आयुष्यातील प्रसंग) आहेत. देवळातल्या मूर्तींशी बोलणारा, मुलांत खेळणारा, अस्पृश्यांच्या घरी सहज जाणारा हा पुरुष गावाला वेडा वाटे, तरी अडल्यानडल्याला लोक त्याच्याकडेच धाव घेत. लीळांतल्या चमत्कारांपेक्षा त्यांची लोकांवरची ही माया अधिक मोलाची. पंथातील कवयित्री महदंबेचे ‘धवळे’ (विवाहगीते) त्यांच्याच सान्निध्यात रचले गेले. पुढे पंथाने असे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. विसाव्या शतकात त्या उलगडल्या.