उकिरड्याचे दैव आणि इंदूर

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, असे आपले वाडवडील म्हणत आले. आपण सीमाभागातील माणसे त्याच ढिगाला मराठीत उकिरडा म्हणतो आणि कानडीत तिप्पे. मात्र त्याची दैना बारा वर्षांत नव्हे, तर नव्वद दिवसांत फिटू शकते, हे शास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झाले ते होळकरांच्या इंदुरात.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधील पुसा येथे सरकारी नोकरीत आले. रयत आणि पिकांवरील कीड यांनाच त्यांनी आपले गुरू मानले. १९२४ पासून १९३१ पर्यंत ते इंदूरच्या वनस्पती-संशोधन संस्थेत होते. शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जायच्या. मग जमिनीला द्यायचे काय? उत्तर सोपे निघाले. शेण थोडे, पालापाचोळा पुष्कळ. सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल खड्ड्यात काडीकचरा, गुरांखालचे अंथरण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती, राख आणि शेणकाला यांचे थर द्यायचे, पाणी शिंपडायचे आणि तीन वेळा उलथापालथ करायची. हवा व ओलावा मिळाला की बुरशी आणि जिवाणू आपले काम चोख करतात. कपाशीच्या पऱ्हाट्या कठीण. त्या रस्त्यावर अंथरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत.

पाने खुडून खायची किंवा औषधाला वापरायची अशा तुळस, कोथिंबीर, गवती चहा यांसारख्या पिकांना तर असे पुरते कुजलेले खतच योग्य. कच्च्या शेणातून तणाचे बी आणि रोगजंतू येतात. ढीग नीट तापला की त्यांतील बहुतेक मरतात.

इंदूर दरबाराच्या साहाय्याची कृतज्ञ आठवण म्हणून हॉवर्डनी या रीतीला ‘इंदूर पद्धत’ हे नाव दिले. पुढे आफ्रिकेतील कॉफीच्या मळ्यांपर्यंत ती पोहोचली आणि सेंद्रिय शेतीच्या चळवळीने हॉवर्डना आद्यपुरुष मानले. परंतु १९३१ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने काढलेल्या मूळ ग्रंथावर नावे दोन आहेत. दुसरे नाव यशवंत वाड, इंदूरच्या संस्थेतील रसायनशास्त्राचे प्रमुख साहाय्यक. नाव आपल्या कानाला किती ओळखीचे! तरीही हॉवर्ड ज्यांना ठाऊक आहेत, त्यांतील किती जणांना वाड ठाऊक असतील?

सेंद्रिय खताची पिशवी आज दुकानात विकत मिळते आणि ही विद्या परदेशातून आली, असे आपली मुले समजतात. त्यांना सांगायला हवे, की तिच्यात रयतेची जाण आहे, एका संस्थानाचा आश्रय आहे आणि एका यशवंताचे श्रमही आहेत. उकिरड्याची दैना फिटली. वाडांच्या नावाची अजून फिटायची आहे.